पेट्या तेवढ्या खऱ्या

रविवार, ९ मार्च

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. साठी उलटली तरी सगळ्या घराची तू बेबीच, म्हणून आशीर्वाद. नाहीतर तुझा सध्याचा पारा बघता मीच तुला नमस्कार लिहायला हवा. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो कधी कुरकुरत नव्हता? तुझे यजमान गोळ्या वेळेवर घेतात का? भाच्याचं नव्या नोकरीत बस्तान बसलं का? त्याला म्हणावं, मामीला टाय लावलेला एक फोटो पाठव.

फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. अगं, फोनवर तू मला बोलू देशील तर ना! माझं एक वाक्य पुरं होईपर्यंत तुझी तीन होतात. परवा तर मी नुसतं 'अगं' म्हटलं आणि तू फोन आपटलास. पत्राला मध्येच तोडता येत नाही. फाडता येतं, पण तेवढी तू दुष्ट नाहीस.

तर ते पार्सल. भाच्याला म्हणून मी त्याच्या मामाचं घड्याळ पाठवलं आणि तू ते आल्या पावली परत धाडलंस. वर फोनवर सुनावलंस, "दादाची एवढी उंची घड्याळं कपाटात पडलीत आणि माझ्या मुलाला तू भाजी आणायला जातानाचं घड्याळ देतेस? तेही बिस्किटांच्या प्लास्टिकच्या डब्यात? राहू दे तुलाच!" बेबी, मला लागलं ते. मी चिकट आहे, कबूल. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवते. पण भाच्याच्या बाबतीत मी हात आखडता घेईन, असं तुला वाटलं तरी कसं?

रागाव. बोल. फक्त बोलणं टाकू नकोस. माझे आईवडील केव्हाच गेले, पाठीवर कोणी नाही, पोटी कोणी नाही. 'चार दिवस जाऊन येते' असं शेजारणीला ऐटीत सांगायला मला तुझं एकच घर आहे. आणि मला तुला आणखी एक गोष्ट सांगायची आहे, जी ऐकून ते दार बंद होईल की काय अशी धास्ती वाटते. पण ते मागाहून. आधी घड्याळं.

भिंतीला ओल आली म्हणून रंगारी बोलावला. तो म्हणाला, कपाट हलवा. कपाट हलवायचं म्हणजे रिकामं करायचं. तेव्हा तुझ्या दादाच्या त्या सगळ्या पेट्या बाहेर निघाल्या. हिरव्या चामड्याची, काळ्या लाकडाची, ती आत मखमली उशी असलेली. एकेक उघडून बघताना माझाच जीव दडपला. म्हटलं, एक भाच्याला ठेवू आणि बाकीची विकू. मी काय मनगटावर पुरुषी घड्याळ बांधून मिरवणार आहे? स्वच्छ चादरीवर मांडून फोटो काढले आणि नेटवर टाकले. 'उंची घड्याळ, मूळ पेटीसह, एकहाती वापर.' एवढं लिहायला मला अख्खी दुपार लागली, हसू नकोस.

लोक तरी काय काय विचारतील! एक म्हणे, "आंटी, हप्त्यावर देता का?" एक नुसतंच सकाळ-संध्याकाळ 'हाय'. आणि एकाने विचारलं, "घड्याळ नको. फक्त पेटी मिळेल का?" शेंग नको, टरफल द्या म्हणण्यातला प्रकार. मी लिहिलं, "डोकं ठिकाणावर आहे ना?" उत्तर आलं, "डोक्याची खात्री देत नाही. मी दातांचा डॉक्टर आहे."

मग ते गिऱ्हाईक घरी आलं. पांढरे केस, इस्त्रीची पँट, बोलणं हळू. वडिलांनी त्यांना चांगली घड्याळं ठेवलीत म्हणे, सगळी खरी, पण त्यांच्या आईने पेट्या रद्दीत घातल्या. एक उरली होती तिच्यात बटणं भरली. आता हे निवृत्त झाल्यापासून नेटवर त्या त्या घड्याळाची त्या त्या सालातली पेटी शोधत बसतात. एकेकाचा छंद! हिरवी पेटी बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मीही भाव वाढवला. मग म्हटलं, घड्याळ तरी बघून घ्या. तर त्यांनी खिशातून तो दात बघायचा भिंगांचा चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि घड्याळ उलटंसुलटं करून बघितलं.

"बाई, पेटी खरी आहे," ते म्हणाले.

"आणि घड्याळ?"

"पेटी फारच सुंदर आहे."

"मी घड्याळाचं विचारतेय."

"हे घड्याळ," ते कसंबसं म्हणाले, "वर जिचं नाव लिहिलंय त्या कंपनीने केलेलं नाही."

माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या म्हणून सांगू! म्हटलं, लोकांचे दात बघायचे सोडून गेलेल्या माणसाची मनगटं कसली तपासता? आणि सरळ दार दाखवलं. बिचारे 'येतो' म्हणून गेलेही.

दुसऱ्या दिवशी परत हजर. हातात त्यांच्या वडिलांचं तसंच घड्याळ, त्याच नावाचं. खिडकीत उजेडाला दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, तो चष्मा माझ्या डोळ्यांवर दिला आणि स्वतः लांब जाऊन बसले. मी बघितलं, बेबी. त्यांच्या घड्याळावरची अक्षरं कोरल्यासारखी. आपल्यावरची टिपकागदावर शाई पडल्यासारखी फुटलेली. पट्ट्याच्या कडीवरचा सोन्याचा रंग उडून खाली भलताच धातू. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! मग एकेक करून कपाटातली सगळी बघितली. सगळी तशीच. पेट्या मात्र एकूण एक अस्सल.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुझ्या दादाची पार्सलं यायची ना, ती नेहमी दोन यायची. एकात फुगेवाल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं घड्याळ, आणि आठवड्याने दुसऱ्यात रिकामी पेटी. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, महागाची वस्तू आहे, चोरीची भीती नको म्हणून वेगवेगळं पाठवतात! तुलाही सांगितलं होतं. तो शेजारी बसून मान डोलवायचा, लबाड.

दोन दिवस मी त्याच्या फोटोशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी फोटो पुसताना हसू फुटलं ते थांबेना. जन्मभर लिफ्ट विकल्या त्याने. लिफ्ट विकायला बंगलेवाल्यांसमोर बसायचं, आणि ते म्हणे आधी मनगट बघतात, मग कागद. खरी घेण्याची ऐपत नव्हती, हौस मात्र दांडगी. मग कोणी 'पेटी दाखवा' म्हटलंच तर पेटी तरी खरी असावी, एवढी त्याची अक्कल. मला राग नाही आता. तुलाही नसावा.

तर म्हणून मी भाच्याला कपाटातलं पाठवलं नाही. नव्या नोकरीत एखाद्या जाणकाराने ओळखलं असतं आणि पोराची शोभा झाली असती. त्यापेक्षा मामाच्या रोजच्या हातातलं बरं, त्यात फसवाफसवी तरी नाही, असा मी विचार केला. डबा बिस्किटांचा होता हे चुकलं.

कळावे. ते दुसरं जे सांगायचं होतं ते राहिलंच. कागद संपत आलाय.

तुझी,
वहिनी

(ता. क. कागद संपला नाहीये, मागची बाजू कोरी आहे, तुला दिसेलच. पण आज एवढंच.)


रविवार, ३० मार्च

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. पत्र मिळाल्या मिळाल्या तुझा फोन आला, म्हणजे फाडलं नाहीस. उपकार.

तू बोललीस ते सगळं मी निमूट ऐकलं. "माझा दादा नकली वस्तूला हात लावणाऱ्यातला नव्हता! त्या दातवाल्यानेच खरी लांबवून तिथे खोटी ठेवली असतील. एकटी बाई, भोळसट, घरात घेतेस कोणालाही!" मी म्हटलं, ते तसे नाहीत. तू म्हणालीस, तुला काय माहीत? मी म्हटलं, मला माहीत आहे. त्यावर तू गप्प झालीस. तू ओरडतेस तेव्हा मला काही वाटत नाही, गप्प होतेस तेव्हा मी देवाचं नाव घेते. मग हळूच विचारलंस, "वहिनी, तो तुझा कोण?"

आणि मी 'हॅलो, हॅलो, आवाज येत नाहीये' करून फोन ठेवला. आवाज येत होता, बेबी. चांगला खणखणीत येत होता.

त्याचं उत्तर देते. पण ओळीने सांगू दे, नाहीतर माझा धीर सुटेल.

डॉक्टरांनी हिरवी पेटी नेली. मग काळी बघायला आले. मग हिरवीचं वरचं पुठ्ठ्याचं आवरण न्यायचं राहिलं होतं, त्यासाठी आले. मग काहीच राहिलं नव्हतं तरी आले. म्हणाले, जाहिरात बदला, नाहीतर एखादा खरं समजून घेईल आणि तुम्ही गोत्यात याल. मग दोघांनी बसून नवी लिहिली: 'पेट्या खऱ्या. घड्याळं नकली. घासाघीस करू नये.' शेवटचं वाक्य माझं. लगेच पेट्यांवर उड्या पडल्या, घड्याळांना कुत्रं विचारेना. पण डॉक्टरांचं एक खूळ. म्हणे, ज्याच्याकडे खरं घड्याळ आहे त्यालाच पेटी द्या. नकलीवाल्याला दिली तर तो पुढे कोणाला तरी टोपी घालील. त्यामुळे आता मी गिऱ्हाइकांच्या मुलाखती घेते! आधी घड्याळ दाखवा, मग पेटी. परवा एकाने घड्याळ दाखवलं ते बघून मी म्हटलं, अहो, अक्षरं फुटलीत तुमची. तो अस्सा पळाला. फार मजा येते गं. कितीतरी दिवसांनी सकाळी उठल्यावर मला काहीतरी करायचं असतं.

मी एकदा डॉक्टरांना विचारलं, तुम्हाला आमच्या यांचा तिटकारा आला असेल ना? म्हणाले, "मुळीच नाही. मी जन्मभर लोकांना खोटे दात बसवलेत. माणसं त्या दातांनी हसतात, जेवतात, फोटो काढतात. खोट्याला मी कशाला नावं ठेवू? खरं म्हणून विकलं की मगच वाईट." मला ते पटलं.

आता तुझ्या पार्सलाकडे येते. ते टेबलाच्या कोपऱ्यावर तसंच पडलं होतं. मी रागाने हातसुद्धा लावला नव्हता. एक दिवस डॉक्टर बसले होते आणि मला एकदम भडभडून आलं. म्हटलं, "तुम्ही एवढी मदत केलीत, हे घड्याळ घेऊन जा. पेटी नाही, कागद नाही, यांच्या रोजच्या वापरातलं आहे. माझ्या नणंदेला पसंत पडलं नाही. फुकट घ्या, पण माझ्या डोळ्यांसमोरून न्या."

त्यांनी डबा उघडला. घड्याळ कानाला लावलं. खिडकीशी गेले, चष्मा चढवला, आणि इतका वेळ उभे राहिले की चहावर साय धरली. मग माझ्याजवळ येऊन दोन्ही हातांनी ते परत माझ्या हातात ठेवलं.

"हे मला देऊ नका. न समजता कोणालाच देऊ नका."

"का? याच्यात आता काय खोट निघाली?"

"यात खोट नाही," ते म्हणाले, "हीच तर पंचाईत आहे."

मला कळेना. मग ते मला त्यांच्या जुन्या दवाखान्याजवळच्या घड्याळजीकडे घेऊन गेले. त्याने पाठीमागचं झाकण उघडलं, आम्ही तिघांनी टाळकी जुळवून आत बघितलं. घड्याळजी म्हणाला, बाई, हे बाथरूममध्ये वगैरे घालत नव्हते ना? मी काय सांगू त्याला! बेबी, ते अस्सल आहे. कपाटातल्या सगळ्या झगमगाटाला पुरून उरेल असं अस्सल. आणि तुझा दादा ते घालून भाजी आणायचा, नळ दुरुस्त करायचा, गाडी धुवायचा. कोणीतरी घर आवरताना जुन्या घड्याळांचा ढीग नेटवर विकायला काढला होता, चालू-बंद जसं असेल तसं, त्यातून त्याने ते घेतलं होतं. मला म्हणाला होता, "ढिगात आलंय, रोजच्याला बरं." त्याला स्वतःलाच पत्ता नव्हता! नकली घड्याळांसाठी खऱ्या पेट्या शोधत फिरला, आणि खरं होतं ते मनगटावर ओलं होत राहिलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि तू? तू ते कुरिअरचा खर्च करून परत पाठवलंस. भावाची बहीण शोभतेस.

आता तूच सांग. खरी लांबवणारा माणूस असता तर त्याने काय केलं असतं? 'आभारी आहे' म्हणून खिशात टाकलं असतं. मी स्वतःच्या हाताने देत होते, फुकट. मला जन्मात कळलं नसतं. तुलाही नसतं.

घड्याळजीकडून चालत परत येत होतो. मी म्हटलं, गंमत बघा, तुमच्याकडे घड्याळं आहेत तर पेट्या नाहीत, माझ्याकडे पेट्या आहेत तर घड्याळं नाहीत. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत. ते म्हणाले, "चण्यांचं तुम्ही बघा, दातांचं मी बघतो." मी हसले. पण ते हसले नाहीत. थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "रोज यायला एक नवी सबब शोधायची म्हणजे या वयात जड जातं. सबबीशिवाय आलेलं चालेल का? आणि आल्यावर परत गेलोच नाही तर?"

मी म्हटलं, माझा गुडघा दुखतोय, कुठेतरी बसू. बागेजवळच्या बाकावर बसलो. मग मी हो म्हणाले.

झालं. लिहून झालं.

त्यांची बायको बऱ्याच वर्षांपूर्वी गेली. एक मुलगी आहे, लांब असते, तिला त्यांनी सांगितलं, तिला आनंद झाला. मला तुलाच सांगायचं होतं आणि तुलाच सांगवत नव्हतं. मला ते आवडतात, बेबी. ते बोलतात तेव्हा ऐकावंसं वाटतं आणि गप्प असतात तेव्हा अवघडल्यासारखं होत नाही. मी सुखात आहे. सुखात आहे हे तुला सांगायची चोरी वाटते, तेवढंच काय ते दुःख.

तुझ्या दादावर मी रुसले, भांडले, त्याच्यासाठी रात्ररात्र जागले, आणि तो गेल्यावर दोन वर्षं ताटाशी एकटी बसले. त्यातलं काही पुसलं जाणार नाही. तू त्याच्यासाठी जेवढी रडलीस तेवढीच मी रडले आहे, हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

मे महिन्यात कचेरीत जाऊन लग्नाची नोंद करायची आहे. समारंभ नाही, काही नाही. तू ये, असं म्हणायची माझी छाती होत नाही. पण मी तुझी वहिनी झाले ती दादामुळे. उद्या दुसऱ्या घरी गेले की कोणत्या नात्याने तुझ्या दारात पिशवी घेऊन उभी राहू, ते मला सुचत नाही. विचार करते आणि तिथेच अडते.

घड्याळ पुन्हा पाठवते आहे. भाच्याला दे. डबा तोच आहे, गोड मानून घे.

तुझी
(इथे नेहमी काय लिहिते ते तुला ठाऊक आहे. लिहू की नको, ते तू सांग.)


रविवार, २५ मे

प्रिय बेबी,

अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलीस ना? गाडीत बसायला जागा मिळाली का? तुझी पाण्याची बाटली इथेच राहिली, स्वयंपाकघराच्या ओट्यावर. नव्या घराच्या ओट्यावर, म्हणजे. अजून मला इथली बटणं सापडत नाहीत, पंखा लावायला जाते आणि दिवा लागतो. पण खिडक्या मोठ्या आहेत, आणि डॉक्टर सकाळी उठून चहा करतात. पाण्यासारखा करतात. मी काही बोलले नाही अजून, एक महिना सवलत दिली आहे.

तू दोन दिवस इथे होतीस, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं, तरी लिहिते आहे. समोर तू होतीस तेव्हा मला बोलता आलं नाही. या वेळी तू तोडत नव्हतीस, मीच उगाच स्वयंपाकघरात लुडबुडत होते.

दुसरं पत्र पाठवल्यावर तू किती दिवस फोन केला नाहीस! मी रोज वाट पाहायचे. भाच्याने 'घड्याळ मिळालं, मामी' एवढाच निरोप धाडला. डॉक्टर म्हणाले, आपण तारीख पुढे ढकलू, घाई नाही. मी म्हटलं, नको. पण मनातून मी हबकले होते. मग त्या संध्याकाळी तुझा फोन आला. मी 'हॅलो' म्हणायच्या आत तू सुरू झालीस, "दादा फसला! अगं, सगळ्या जगाला फसवायला निघालेला आपला दादा स्वतःच फसला! गाडी धुवायचा गं ते घालून!" किती हसलीस! मीही हसत सुटले. आणि हसता हसताच तू रडायला लागलीस.

"मला घड्याळाचा राग नव्हता, वहिनी," तू म्हणालीस. "तू दादाचं कपाट रिकामं करतेयस म्हटल्यावर रात्रभर मला झोप लागली नाही. वाटलं, आता ही जाणार. मग मला दादाबद्दल बोलायला कोण उरलं?"

बघ! मी इथे घाबरून बसलेली की तू दार लावशील, आणि तू तिथे घाबरून बसलेली की मी निघून जाईन. आणि दोघी भांडतोय बिस्किटांच्या डब्यावरून. आपल्याला कोणीतरी धरून बडवायला हवं होतं. मी म्हटलं, दादाबद्दल बोलायला मी कुठे जाणार नाही, वेडे, डॉक्टरांना तर मी रोजच सांगते त्याचे पराक्रम. तू नाक शिंकरलंस, तारीख विचारलीस आणि फोन ठेवलास. येते म्हणाली नाहीस, येत नाही असंही म्हणाली नाहीस.

तू गेल्यावर डॉक्टर तुझं कौतुक करत होते. जेवताना तू त्यांची केवढी उलटतपासणी घेतलीस! घर कोणाचं, झोपताना घोरता का, गोड किती खाता, आमच्या वहिनीला पहाटे गार वारा सोसत नाही हे ठाऊक आहे का? त्यांनी सगळ्याची उत्तरं दिली आणि शेवटी म्हणाले, "तुमची वरची डावीकडची दाढ दुखते. त्या बाजूने तुम्ही एकही घास चावला नाहीत." तुझं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मग आत येऊन मला म्हणालीस, "माणूस बरा आहे. लक्ष असतं." तुझ्या तोंडून एवढं म्हणजे सोन्याचं पदक. दाढ मात्र खरंच दाखव. त्यांनी फोनवर ओळखीच्या डॉक्टरांना सांगून ठेवलंय.

भाच्याने आपला फोटो पाठवला, टाय लावलेला, बाही मुद्दाम वर केलेली. मनगटावर मामाचं घड्याळ. ऑफिसात कोणीतरी विचारलं म्हणे, खरं का? तर हा म्हणाला, कोण जाणे, आमच्याकडे बिस्किटांच्या डब्यात असतं. मामावर गेलाय.

आता कचेरीतलं. ते लिहायचं म्हणून तर बसले आहे.

आमचा नंबर आला तेव्हा तू नव्हतीस. डॉक्टरांच्या बाजूने त्यांची मुलगी, जावई. माझ्या बाजूने कोणीतरी हवं म्हणून आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईंना नेलं होतं. चांगल्या आहेत, पण जिन्यात भेटणाऱ्या. कारकूनबाईंनी विचारलं, "वधूकडचं कोण?" वरच्या बाई पेन उघडून पुढे झाल्या, आणि माझ्या मनात आलं, खरंच, माझ्याकडचं असं कोणीच नाही. साठीच्या बाईने अशा वेळी रडू नये म्हणून मी छताकडे बघत होते. तेवढ्यात मागून तुझा आवाज.

"थांबा! वधूकडून मी आहे!"

खांद्यावर बॅग, केस विस्कटलेले, धापा टाकत. गाडी उशिरा आली होती ना तुझी. वरच्या बाईंच्या हातातून पेन जवळजवळ हिसकावूनच घेतलंस.

"नातं?" कारकूनबाईंनी विचारलं.

"नणंद."

त्या एकदा तुझ्याकडे बघतात, एकदा डॉक्टरांकडे. "म्हणजे तुम्ही वराच्या बहीण. तुम्ही या बाजूला सही करा."

"वराची कोण बहीण? या गृहस्थांना मी आज पहिल्यांदा बघतेय. मी हिच्या आधीच्या नवऱ्याची बहीण."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. सगळी खोली आपल्याकडे बघत होती. "अहो, मग वधूकडून कशा? तुम्ही तर सासरकडच्या."

"होते," तू म्हणालीस. "माझा भाऊ गेला. हिला आई नाही, बाप नाही, भाऊ नाही. आता हिचं लग्न होतंय तर कोणाच्या घरातून होणार? आमच्याच ना? मग मुलीकडची मीच. कुठे करू सही?"

बेबी, तुला ठाऊक नाही, पण त्या वेळी मी डॉक्टरांचा हात नाही, टेबलाची कड धरली होती.

सही केलीस ती केवढी मोठी, दोन ओळी व्यापून. आणि निघताना गाडीच्या दारात मला जवळ घेऊन कानात काय म्हणालीस ते मी घरी आल्यावर कोणालाच सांगितलं नाही. डॉक्टरांनासुद्धा नाही. "पंधरा दिवसांनी माहेरी यायचं. एकटीने. जावयाला नंतर रीतसर बोलवू."

येते. सकाळच्या गाडीने येते. स्टेशनवर कोणाला पाठवू नकोस, मला घर माहीत आहे.

तुझी वहिनी,
मुक्काम सासर